बोराएवढी गाठ, नारळाएवढी गाठ

"यायची गाठ बोराएवढी म्हणता अन काढता येत नाही म्हणता, अन भाऊजीची नारळाएवढी होती ते काढून फेकली. हे कोणतं गणित हाये डॉक्टरसाहेब?"

मोठ्या वहिनींनी हे मला बाजाराच्या दिवशी भर ओपीडीत विचारलं, बाहेर बाकावर पंधरा पेशंट, कंपाउंडर दारातून डोकावून राहिला, आणि मला दोन मिनिटात सांगता येईल असं काहीच सुचेना. कारण प्रश्न अगदी बरोबर होता. त्यांचा नवरा आणि धाकटा दीर, एका आईची दोन लेकरं, एकच व्हायरस, एकच लिव्हरचा कॅन्सर, आणि दोघांची वाट पार वेगळी. ती केस इथं पूर्ण लिहितोय. ओळख पटेल असं सगळं बदललंय, वैद्यकीय भाग तसाच ठेवलाय, आणि माझी जिथं चूक झाली तीसुद्धा ठेवली.

मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी १९ वर्षांपासून दवाखाना चालवतो. एमबीबीएस, पुढं शिकलो नाही. सोनोग्राफी करायला रेडिओलॉजिस्ट गुरुवारी येतात, बाकी दिवस हात आणि स्टेथोस्कोप.

आधी मोठ्या भावाचं सांगतो. वय ५७, सात एकर कोरडवाहू, कापूस आणि तूर. पिणं पंचवीस वर्षांचं, आधी मोहफुलाची, मग देशी, सणावाराला असेल ती. लहान्याच्या आजाराच्या सव्वादोन वर्षं आधी एका रात्री त्यांना रक्ताची उलटी झाली, बादलीभर म्हणतात घरचे, बादली नसेल पण तांब्याभर नक्की असेल. जीपमधे टाकून रात्रीच मोठ्या शहरात नेलं, तिथं दुर्बिण टाकून अन्ननलिकेतल्या फुगलेल्या शिरांना रबर बँड लावले, सहा दिवसांनी घरी पाठवलं. लिव्हर सिरॉसिस. म्हणजे लिव्हर मऊसूत राहत नाही, जागोजागी व्रण आणि गाठीगाठी, आतून रक्त सरळ वाहायला जागा उरत नाही, मग ते आडवाटेनं अन्ननलिकेच्या शिरांत घुसतं आणि त्या फुटतात.

घरी आल्यावर ते तिथलं डिस्चार्ज कार्ड घेऊन माझ्याकडे आले. मी ते वाचलं. डायग्नोसिसच्या रकान्यात मोठ्या अक्षरात दारूमुळे सिरॉसिस. खाली तपासण्यांच्या गर्दीत, क्रिएटिनिन आणि एचआयव्हीच्या मधे एक ओळ, एचबीएसएजी रिअ‍ॅक्टिव्ह. म्हणजे हिपॅटायटिस बीचा व्हायरस अंगात आहे. आणि मागच्या पानावर कोण्या ज्युनिअर डॉक्टरनं निळ्या पेनानं लिहिलेलं, घरच्या सर्वांची तपासणी करावी. मी ते पाहिलं नाही असं म्हणणार नाही. पाहिलं, आणि मोठ्यांना दारूवरून अर्धा तास झापलं. व्हायरस दाबून ठेवणारी टेनोफोव्हिरची गोळी चालू ठेवा म्हटलं. घरच्यांच्या तपासणीबद्दल काय बोललो ते आठवत नाही, म्हणजे बहुतेक बोललोच नाही. दारू इतकी मोठी दिसत होती की तिच्यामागं उभा असलेला व्हायरस कोणाला दिसलाच नाही, ना घरच्यांना ना मला.

मोठ्यांनी दारू सोडली, खरंच सोडली, याचं श्रेय त्यांना द्यायला पाहिजे. पण गोळीही सोडली तीन महिन्यांनी. "आता पीतच नाही तर गोळी कायले?" दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी करायची होती, ती एकदा केली, मग पेरणी आली, मग पोरीचं लग्न, मग राहिली.

लहान्याचं आता. वय ४६, माळकरी, गुरुदेव सेवा मंडळाच्या सामुदायिक प्रार्थनेला रोज संध्याकाळी हजर, चहासुद्धा मोजून दोन वेळा. मोठ्याला दारू सोडायला लावण्यात यांचाच हात. कापसाची दुसरी वेचणी चालू असताना माझ्याकडे आले, उजव्या बरगडीखाली जड वाटते, दोन घास खाल्ले की पोट भरते, रात्री उजव्या कुशीवर झोपता येत नाही. मी अ‍ॅसिडिटीची गोळी दिली. वीस दिवसांनी परत आले, जंताची गोळी दिली आणि अ‍ॅसिडिटीची बदलून दिली. मधल्या काळात ते शेजारच्या गावी जाऊन कावीळ उतरवून आले, कावीळ नसताना. तिसऱ्या वेळेस आले तेव्हा पायजम्याच्या नाडीला एक गाठ जास्त मारलेली दिसली, म्हणजे पोट जड वाटून राहिलं आणि माणूस मात्र बारीक होऊन राहिला, तेव्हा कुठं मी त्यांना टेबलावर झोपवलं. हात ठेवला तर बरगडीच्या चार बोटं खाली एक टणक, ओबडधोबड कड लागली, श्वास घेतला की खाली सरकायची, सोडला की वर.

आता लिव्हरच्या आत दुखण्याच्या नसाच नसतात, बाहेरच्या पातळ कव्हरला असतात. त्यामुळं आत गाठ वाढत असली तरी माणसाला पत्ता लागत नाही, ती इतकी मोठी होते की कव्हर ताणलं जातं तेव्हा जड वाटायला लागतं. आणि उरलेलं लिव्हर चांगलं असेल तर ते एकटंच सगळं काम ओढून नेतं, ना कावीळ ना पायाला सूज. यांची बिलिरुबिन ०.८, अल्ब्युमिन ४.१, प्लेटलेट २ लाख ४० हजार. हे आकडे कोणत्याही धडधाकट माणसाचे. लिव्हर फंक्शन नॉर्मल आलं म्हणून लिव्हर नॉर्मल, हा समज माझ्या ओपीडीत रोज ऐकू येतो आणि खरं सांगू तर डॉक्टर लोकही त्याच्यावर विसंबतात.

गुरुवारी सोनोग्राफी. रेडिओलॉजिस्ट नेहमी बोलत बोलत करतात, कोणाच्या लग्नाचं, कोणाच्या पावसाचं. त्या दिवशी बोलणं थांबलं. उजव्या भागात ११ सेंटीमीटरची गाठ, बाकीचं लिव्हर गुळगुळीत, प्लीहा नेहमीएवढी, पोटात पाणी नाही. आमच्या भागात उजव्या बाजूला अशी गाठ दिसली की पहिला संशय अमिबाच्या गळवाचा नाहीतर हायडॅटिडचा, म्हणजे जंतामुळं होणाऱ्या पाण्याच्या गाठीचा, पण गळवात ताप असतो आणि ही गाठ पाण्याची नव्हती, भरीव होती. त्या संध्याकाळी रक्त पाठवलं. एएफपी, म्हणजे लिव्हरच्या कॅन्सरमधे बऱ्याचदा वाढणारं रक्तातलं एक प्रोटीन, ३,८०० आली, साधारण दहाच्या आत असायला पाहिजे. आणि एचबीएसएजी रिअ‍ॅक्टिव्ह.

हे वाचल्यावर मला निळ्या पेनाची ती ओळ आठवली.

लहान्याला सांगितलं तेव्हा ते बराच वेळ गप्प बसले, मग म्हणाले, "दारू मोठ्यानं पेली अन रोग मले भेटला." हे वाक्य गावभर झालं नंतर, लोक अजून म्हणतात.

इथं थोडं थांबून समजावून सांगायला पाहिजे, कारण गोंधळ इथंच आहे. लिव्हरचा जो मुख्य कॅन्सर, हिपॅटोसेल्युलर कार्सिनोमा, तो ८० ते ९० टक्के लोकांत आधीच सिरॉसिस झालेल्या लिव्हरमधे उगवतो. दारू, हिपॅटायटिस सी, फॅटी लिव्हर, कारण काहीही असो, वर्षानुवर्षं पेशी मरतात, नव्या होतात, परत मरतात, आणि या घाईच्या दुरुस्तीत कधीतरी एक पेशी बिघडून निघते. पण उरलेल्या दहा-वीस टक्क्यांत सिरॉसिस नसतोच. आणि त्यात हिपॅटायटिस बी मोठा गुन्हेगार. हा डीएनए व्हायरस आहे, त्याचा जनुकसाठा केवळ ३,२०० अक्षरांच्या आसपास, पण त्याचे तुकडे तो माणसाच्या लिव्हरपेशीच्या डीएनएमधेच नेऊन शिवतो. चुकीच्या जागी शिवला गेला की पेशीचा ब्रेक निकामी. त्याला सिरॉसिसची पायरी चढायची गरजच नाही. हिपॅटायटिस सी आरएनए व्हायरस, तो असं शिवत नाही, म्हणून त्याचा कॅन्सर बहुतेक वेळा सिरॉसिस किंवा त्याच्या जवळपास पोचल्यावरच होतो. सिरॉसिस नसताना कॅन्सर होणारे आणखीही आहेत, डायबेटिस आणि फॅटी लिव्हरवाले काही जण, आणि तरुण पोरांत फायब्रोलॅमेलर नावाचा एक वेगळाच प्रकार, ज्यात एएफपी बहुतेक नॉर्मल येते. ते क्वचित. फॅटी लिव्हर मात्र क्वचित राहिलेलं नाही, गुरुवारच्या दर तिसऱ्या रिपोर्टवर मी ते वाचतो.

घरच्यांनी अर्थातच दुसरी कारणं शोधली. फवारणी. २०१७ ला आमच्या जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं शेतकरी-शेतमजूर मेले, तेव्हापासून कुठलाही आजार झाला की पहिलं बोट तिकडं जातं, आणि त्यात लोकांची चूक नाही. पण या केसमधे फवारणीवर ठपका ठेवायला माझ्याकडे काही नाही, व्हायरस मात्र समोर कागदावर आहे. मी उलट बुरशीचं विचारलं. भुईमूग, मका, अगदी सरकीलाही ओल लागून जी पिवळी-हिरवी बुरशी येते ती अफ्लाटॉक्सिन नावाचं विष सोडते, त्यानं लिव्हरचा कॅन्सर होतो हे पक्कं आहे, आणि हिपॅटायटिस बी असलेल्या माणसाला तर धोका कैक पटीनं वाढतो. लहाने म्हणाले, शेंगा खवट लागल्या तर आम्ही गुरांना टाकतो. म्हणजे गुरांच्या पोटात, आणि तिथून थोडंफार दुधात. असो, तो विषय वेगळा.

मग हे आलं कुठून दोघांना? आईकडून. आई पंचवीस एक वर्षांपूर्वी पोट फुगून गेली, जलोदर म्हणून, तपासणी काही झालेली नाही त्यामुळं सिद्ध करता येणार नाही, पण पुढं जे कळलं त्यावरून दुसरं काही पटत नाही. बाळंतपणात आईकडून बाळाला हा व्हायरस मिळाला तर शंभरातल्या नव्वद बाळांत तो कायमचा मुक्काम करतो, मोठ्या माणसाला लागण झाली तर मात्र शंभरातले पाचही त्याला धरून राहत नाहीत, बाकीचे स्वतःच साफ करतात. म्हणजे लहाने ४६ वर्षं तो घेऊन फिरत होते. मोठेही तसेच, फक्त त्यांनी वरून दारू ओतली, आणि दोन्ही मिळून सिरॉसिस लवकर आणला. कार्डावर दारू लिहिलं होतं ते खोटं नव्हतं, अर्धं होतं.

आता तो हिशोब जो मी रात्री बसून केला आणि करायला नको होता असं वाटतं. ही गाठ आकारमानानं दुप्पट व्हायला साधारण चार ते सहा महिने घेते, माणसागणिक कमीजास्त. आकारमान दुप्पट म्हणजे रुंदी दुप्पट नाही, रुंदी दुप्पट व्हायला तीन वेळा दुप्पट व्हावं लागतं. ११ सेंटीमीटरवरून मागं जाऊन पावणेतीन सेंटीमीटरवर यायला सहा वेळा अर्धी करावी लागते, म्हणजे दोन ते तीन वर्षं. कार्ड सव्वादोन वर्षांपूर्वीचं. ज्या दिवशी मी ते कार्ड हातात धरून मोठ्यांना दारूवरून बोलत होतो, लहाने त्यांच्या मागं टोपी हातात घेऊन उभे होते, आणि त्यांच्या पोटात बहुधा तेव्हा बोराएवढी, फार तर लिंबाएवढी गाठ होती. हिपॅटायटिस बी असलेल्या आपल्याकडच्या पुरुषांची चाळिशीनंतर आणि बायांची पन्नाशीनंतर सिरॉसिस नसला तरी दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी करावी असं आशियाई लोकांसाठी सांगितलेलंच आहे, आणि घरात लिव्हरचा कॅन्सर झालेला असेल तर त्याच्याही आधीपासून. पण आधी व्हायरस आहे हे माहीत असावं लागतं ना.

नागपूरला ट्रिपल फेज सीटी झाला. यात डाय सोडून तीन वेळा फोटो घेतात. निरोगी लिव्हरला बहुतेक रक्त आतड्याकडून येणाऱ्या पोर्टल शिरेतून येतं, कॅन्सरच्या गाठीला धमनीतून, म्हणून पहिल्या फोटोत गाठ पांढरी चमकते आणि नंतरच्या फोटोत बाकी लिव्हर उजळतं तेव्हा ती काळपट पडते. सिरॉसिसवाल्या पेशंटमधे एवढं चित्र नमुनेदार असलं की सुईचा तुकडा न काढताही निदान धरतात. सिरॉसिस नसेल तर हे चित्र दुसऱ्या गाठींतही दिसू शकतं, त्यामुळं साधारणपणे बायोप्सी मागतात. लहान्याच्या घरी तर सुईचं नाव काढताच रडारड, सुई लागली की कॅन्सर पसरते म्हणून. ही भीती अगदीच हवेतली नाही, सुईच्या वाटेवर पेशी रुजण्याचं प्रमाण शंभरात दोन-तीन आहे. यांच्यात जुना हिपॅटायटिस बी, एएफपी ३,८००, फोटो नमुनेदार आणि गाठ तशीही कापूनच काढायची होती, म्हणून सर्जननी बायोप्सी न करता सरळ ऑपरेशन ठरवलं. ज्याचं ऑपरेशन होणार नाही त्यानं मात्र सुईला नाही म्हणू नये, काय आहे तेच माहीत नसताना औषध कशाचं देणार.

ऑपरेशनच्या आधी टेनोफोव्हिर सुरू केली, आणि सीटीवरून मोजमाप केलं, उजवा भाग पूर्ण काढला तर किती उरतं. साधारण ३८ टक्के आलं. निरोगी लिव्हर २५-३० टक्के उरलं तरी माणूस निभावतो. सहा तास टेबलावर. तिसऱ्या दिवशी बिलिरुबिन ३.४ झाली, डोळे पिवळे, घरच्यांनी मला रात्री अकराला फोन केला, आणि मी इकडून काय सांगणार, इतकंच म्हटलं की उरलेलं लिव्हर आता दुप्पट काम करून राहिलं, दम लागणारच. सहाव्या दिवसापासून उतरायला लागली, अकराव्या दिवशी सुट्टी. पैसे काही सरकारी योजनेतून, काही कापूस भाव पडलेला असताना विकून, काही जावयाकडून. पॅथॉलॉजीत गाठीच्या कडेला कॅन्सर नाही, आजूबाजूच्या लिव्हरमधे हलका फायब्रोसिस, म्हणजे थोडेसे व्रण, सिरॉसिस नाही. अडीच महिन्यांनी एएफपी ७.

लहाने नागपूरला अ‍ॅडमिट असतानाच मी मोठ्यांना बोलावून घेतलं, या वेळी गुरुवारची वाट न बघता गाडीत बसवून. सोनोग्राफीत लिव्हर आक्रसलेलं, कड आरीसारखी, पोटात थोडं पाणी, प्लीहा मोठी, आणि उजवीकडे वरच्या बाजूला ३.२ सेंटीमीटरची गाठ. एएफपी केवळ २२. हे लक्षात ठेवण्यासारखं आहे, एएफपी फार वाढलेली नाही म्हणून कॅन्सर नाही असं होत नाही, बऱ्याच जणांत ती जवळपास नॉर्मलच असते. सीटीत तेच चित्र, आधी चमक मग काळपट. बिलिरुबिन २.६, अल्ब्युमिन २.९, प्लेटलेट ६८ हजार. लिव्हर किती खराब झालं ते मोजायला चाइल्ड-प्यू नावाचा गुणांचा तक्ता असतो, पाचापासून पंधरापर्यंत, त्यात आठ गुण, म्हणजे बी वर्ग. तब्येतीला बी म्हणजे मधला, पण कापाकापीला वाईटच.

आणि मग वहिनींचा तो प्रश्न.

मी त्यांना जमिनीचंच उदाहरण दिलं, दुसरं काही जवळ नव्हतं. म्हटलं, वहिनी, तुमची दहा एकर काळी कसदार जमीन आहे, त्यातली सहा विकली, तरी चार एकरावर घर चालेल की नाही? चालेल म्हणाल्या. आणि दहाच्या दहा एकर बरड असली, निघेल तेवढ्यावर कसंबसं पोट भरत असलं, अन त्यातली एक गेली तर? त्या काही बोलल्या नाहीत. मी म्हटलं, भाऊजीचं लिव्हर काळी जमीन आहे, गाठ केवढीही असो, भोवतालचं चांगलं आहे. यांची गाठ लहान पण जमीन बरड, कापायला गेलो तर गाठ निघेल अन माणूस जाईल. "अन जमीन बरडच राहिली तर तिथं आणखी उगवन?" त्यांनी विचारलं. मला हे सांगायचंच नव्हतं इतक्या लवकर. हो, उगवू शकतं. हरळी आणि कुंदा जसा, एक खोदून काढला की बांधाच्या दुसऱ्या बाजूला दिसतो. उदाहरण एका ठिकाणी फसतं, जमीन परत वाढत नाही आणि निरोगी लिव्हर वाढतं, लहान्याचं उरलेलं लिव्हर तीन महिन्यांत बरंच भरून आलं. पण सिरॉसिसचं लिव्हर तसं वाढत नाही, तो मुद्दा मात्र बरड जमिनीवर बरोबर बसला.

सिरॉसिसवाल्याला गाठ आणि जमीन दोन्ही एकदम बदलायचा एकच उपाय, लिव्हर ट्रान्सप्लांट. त्यासाठी १९९६ चे मिलान निकष अजून वापरतात, एकच गाठ असेल तर ५ सेंटीमीटरपर्यंत, किंवा तीनपर्यंत गाठी आणि प्रत्येक ३ च्या आत, रक्तवाहिनीत शिरलेली नको. मोठे त्यात बसत होते. म्हणजे बघा, ११ सेंटीमीटरवाला ट्रान्सप्लांटच्या निकषात बसत नव्हता आणि त्याला गरजही नव्हती, ३.२ वाला बसत होता आणि त्याला परवडत नव्हतं. मुलगा लिव्हर द्यायला तयार झाला, त्याचा एचबीएसएजी निगेटिव्ह. मोठे म्हणाले, "पोराचं पोट फाडून मले नाही जगायचं," आणि पुढं तो विषय कोणाला काढू दिला नाही. मी दोनदा काढून पाहिला. दुसऱ्या वेळेस उठून गेले.

मग मीठ कमी, पाणी कमी करायच्या गोळ्या, टेनोफोव्हिर परत आणि या वेळी कायमची, आणि महिनाभरानं पोट उतरल्यावर मायक्रोवेव्हनं गाठ जाळली, सोनोग्राफीत बघत बघत सुई आत घालून. दोन दिवसांत घरी. लोकांना वाटलं हा उपाय तर सोपा, मग लहान्याला का फाडलं? कारण तीन सेंटीमीटरच्या आसपास जाळणं चांगलं साधतं, ११ सेंटीमीटर जाळून पूर्ण मरत नाही.

घरच्यांची तपासणी सव्वादोन वर्षं उशिरा झाली. जिल्ह्याच्या ठिकाणी ती फुकट होते, २८ जुलै २०१८ ला सुरू झालेल्या राष्ट्रीय व्हायरल हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रमात औषधसुद्धा मिळतं, हे मी आता प्रत्येकाला सांगतो. दोन्ही भावांच्या बायका निगेटिव्ह, त्यांना लसीचे तीन डोस, शून्य-एक-सहा महिन्यांचे. मोठ्यांची पोरगी आणि लहान्यांचा पोरगा निगेटिव्ह. लहान्यांची पोरगी लहान, तिला तर सरकारी लसच मिळालेली. ही लस आपल्याकडे २००२ च्या सुमारास काही ठिकाणी सुरू झाली आणि २०११ मधे देशभर पोचली. तैवाननं १९८४ पासूनच बाळांना द्यायला सुरुवात केली आणि तिथं लहान मुलांमधला लिव्हरचा कॅन्सर स्पष्ट कमी झाला. आपण किती मागं होतो ते मोजत बसलो तर रात्र पुरणार नाही.

बहीण पांढरकवड्याकडे दिलेली. ती तपासणीला यायलाच तयार नव्हती. "मी काय दारू पेतो काय?" लहान्यांनी स्वतः जाऊन शर्ट वर करून टाके दाखवले तेव्हा आली. पॉझिटिव्ह. आणि तिच्यासोबत तिची लेक, २२ वर्षांची, पाचवा महिना, ती पण पॉझिटिव्ह. आजीकडून आईला, आईकडून लेकीला.

या बातमीनं सासरी जे झालं ते सांगायला लाज वाटते, पोरीचं ताट वेगळं केलं. मी फोनवर सासऱ्यांशी बोललो. जेवणातून, पाण्यातून, एका ताटातून, पोटाशी घेतल्यानं हा व्हायरस जात नाही. रक्तातून जातो, संबंधातून जातो, बाळंतपणात जातो, एकाचं ब्लेड दुसऱ्याला, एकाची सुई दुसऱ्याला. सासरे म्हणाले, हो सर, बरोबर सर. ताट वेगळंच राहिलं म्हणे आणखी महिनाभर, मग सासूच्याच लक्षात आलं की दाढीचं ब्लेड घरात तिघं एकच वापरतात अन ताटाचं सोंग कायले.

पोरीचा व्हायरल लोड, म्हणजे रक्तातल्या व्हायरसचं प्रमाण, दोन लाखांच्या वर निघाला, म्हणून सातव्या महिन्यापासून टेनोफोव्हिर सुरू केली. बाळाला जन्मल्यावर २४ तासांच्या आत लस लागते, आणि आई पॉझिटिव्ह असेल तर सोबत इम्युनोग्लोब्युलिनचं, म्हणजे तयार अँटिबॉडीचं इंजेक्शन, जितकं लवकर तितकं चांगलं. ते तालुक्याला नव्हतं, म्हणून डिलिव्हरी जिल्ह्याला ठरवली आणि पंधरा दिवस आधीच मामाच्या ओळखीच्या घरी नेऊन ठेवलं, कारण पावसाळा तोंडावर आणि मधला नाला. मृगाच्या पेरणीत मुलगा झाला. पहिल्या दोन तासांत दोन्ही मांड्यांत दोन इंजेक्शनं.

आता चौदा महिने होताहेत. लहान्यांचा सीटी स्वच्छ आहे, पुढचा तीन महिन्यांनी, गोळी रोज. सिरॉसिसवाल्यांत कापून काढल्यावरही पाच वर्षांत ७० टक्क्यांपर्यंत लोकांना परत होतो, सिरॉसिस नसलेल्यांना त्याहून कमी, पण कमी म्हणजे नाही असं नाही, आणि लहान्यांना हे माहीत आहे. हलकी कामं सुरू केली, प्रार्थनेला जातात. मोठ्यांना नऊ महिन्यांनी दुसरीकडे १.८ सेंटीमीटरची नवी गाठ निघाली, ती पण जाळली. या वेळी वेळेवर सापडली कारण लहाने त्यांना स्कूटरवर बसवून गुरुवारी स्वतः आणून सोडतात, सहा महिनेसुद्धा होऊ देत नाहीत.

माझ्या टेबलावरच्या वहीत आता एक रकाना वाढलाय. लिव्हरचा पेशंट आला की बाटलीचं विचारायच्या आधी एचबीएसएजी आणि भावंडं किती ते लिहितो. गेल्या वर्षभरात त्या रकान्यानं आणखी दोन घरं सापडली, त्यांचं पुढं कधी.

बाळाची तपासणी नऊ महिने झाल्यावर करायची असते, त्याआधी केली तर दिशाभूल होऊ शकते. त्याचे नऊ या शिमग्यात पूर्ण होताहेत. आजीनं आत्ताच विचारून ठेवलंय, रक्त पायातून काढता की हातातून.